ईआर ३२ चकात टूल ४० मायक्रॉन बाहेर फिरतंय, शोधायचं कुठून?

कुंडई_जॉबशॉप
नमस्कार मंडळी. कुंडईला माझं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे, एक लेथ आणि एक सेकंडहँड घेतलेली व्हीएमसी (उभं सीएनसी मिलिंग मशीन), बीटी ४० स्पिंडल (चक धरून फिरवणारा भाग), ८००० आरपीएम. सध्या एसएस ३१६ (स्टेनलेस स्टील) च्या प्लेटी आहेत, औषध कंपनीच्या मशीनला लागणाऱ्या, त्यात एम ४ चे टॅप म्हणून ३.३ चं सॉलिड कार्बाइड ड्रिल, शँक (चकात धरायचा दांडा) ६ ची. गेल्या आठवड्यात तीन ड्रिलं गेली, एकेक हजार-बाराशेचं. जी भोकं झाली ती पण मोठी, पिन गेज टाकला तर ३.३८ जातोय, म्हणजे आटे सैल बसणार.

काल रात्री डायल (फिरताना टूल किती हलतं ते मोजणारा) लावला. नटाच्या खाली ३० मिमीवर ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). चक ईआर ३२, कॉलेट (टूलभोवती आवळणारी चिरांची नळी) सेट दोन वर्षांपूर्वी घेतलेला, फार महागाचा नाही पण अगदी रस्त्यावरचाही नाही. कॉलेट बदलून पाहिली तर ४० चे ३५ झाले, परत लावली तर ४५. दर वेळी आकडा वेगळा. आता नवा चक घेऊ, की कॉलेट सेट घेऊ, की स्पिंडलचं काम काढू? स्पिंडलचं काम निघालं तर चवथीपर्यंत मशीन बंद, ते मला परवडणारं नाही. कोणी या वाटेने गेलं असेल तर सांगा.

डिचोलीचा_फिटर
साफ केलं का? खरंच साफ? फडक्याने पुसलं म्हणजे साफ नव्हे.

कुंडई_जॉबशॉप
एअर मारली, फडक्याने पुसलं.

डिचोलीचा_फिटर
बघा, एअर मारली की चिप खाचेत आणखी आत जाते. कॉलेटला सगळीकडून चिरा असतात ना, त्या चिरांमध्ये एसएसची केसासारखी बर (कापल्यावर निघणारा बारीक कीस) अडकून बसते, डोळ्याला दिसत नाही. एकदा मी कॉलेट उजेडाकडे धरून आरपार बघितली तर एका चिरेत चांदीच्या तारेसारखं काहीतरी चमकलं, सुईने ओढून काढलं तर बोटाच्या पेराएवढी वळलेली बर. ती असताना चीर त्या बाजूने पूर्ण मिटत नाही आणि कॉलेट एका अंगाने आवळते. नायलॉनचा ब्रश घ्या, थिनर घ्या, प्रत्येक चीर घासा. चकाच्या आतला टेपर (निमुळता भाग) कागदी टिश्यूने पुसा, फडक्याचे धागे राहतात. नटाच्या आतली ती रिंग असते ना, तिच्या मागे तर चिखलच असतो.

वेर्णेकर_टूलरूम
फिटरभाऊंचं बरोबर, पण त्याआधी एक विचारतो. कॉलेट नटात आधी बसवता की चकात आधी टाकता?

कुंडई_जॉबशॉप
मी स्वतः नटातच बसवतो. पण रात्रपाळीचा पोरगा काय करतो ते आज बघितलं पाहिजे.

वेर्णेकर_टूलरूम
बघाच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण ईआरमध्ये निम्म्या तक्रारी इथेच सुटतात. नटाच्या आत एक रिंग असते, ती मध्यापासून थोडी एका बाजूला सरकवलेली असते. कॉलेट तिरकी धरून तिची खोबण त्या रिंगवर अडकवायची आणि सरळ दाबायची, टक् असा आवाज येतो. मग टूल घालायचं, मग नट चकावर. कॉलेट आधी चकात टाकली आणि वरून नट फिरवला तर ती रिंग कॉलेटच्या खोबणीत न जाता कडेवर चढते, कॉलेट वाकडी दाबली जाते आणि रिंगची धार पण जाते. काढताना ओळखू येतं, नट सोडला तरी कॉलेट चकातच राहते, मग पोरं टूलला हातोडी मारून काढतात. बरोबर बसली असेल तर नट सोडताना तीच रिंग कॉलेटला बाहेर खेचते.

म्हापशाचा_टर्नर
आमच्या वेळी हे काही नव्हतं. टूल आवळायचं, डायल लावायचा, उंच बाजूला तांब्याच्या दांड्याने हलकेच टकटक करायची, पाच मायक्रॉनला आणून ठेवायचं. तीस वर्षं केलं. चार जॉ चकात जॉब ट्रू करतो तसंच हे.

आयटीआय_ताई
काका, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण चार जॉ चकात तुम्ही जॉ सरकवता, तो सरकलेला तिथेच आवळलेला राहतो. कॉलेटमध्ये टकटक केलं की तुम्ही टूल तात्पुरतं झुकवता, मूळ कारण तसंच राहतं. कट लागला, स्पिंडल गरम झालं की ते परत आपल्या जागी येतं. शिवाय कार्बाइड ठिसूळ, ३.३ च्या ड्रिलला दांडा लागला की केसासारखी चीर पडते आणि मग दहाव्या भोकाला तुटतं, तेव्हा आपण मटेरियलला दोष देतो. मी मुलांना टकटक करू देत नाही.

म्हापशाचा_टर्नर
शँकवर मारतो मी, ड्रिलवर नव्हे. पण गरम झाल्यावर परत येतं हे बरोबर. रिपीट होत नाही, तेवढं मान्य.

रिटायर्ड_इन्स्पेक्शन
मंडळी, आपण औषधं सुचवतोय पण रोग मोजला नाही. कुंडईबाब, तुम्ही ४० मोजलेत ते ड्रिलवर की शँकवर? फ्ल्यूटवर, म्हणजे ड्रिलच्या पिळाच्या खाचांवर, डायल लावून काहीही कळत नाही. आणि एकाच ठिकाणी मोजून पण कळत नाही.

असं करा. ६ मिमीचा ग्राउंड दांडा घ्या, शंभर मिमी लांब. स्पिंडल न्यूट्रलला, हाताने फिरवायचं. लिव्हर डायलची टोकदार काडी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ठेवा, काडी जितकी उभी तितका डायल खोटं बोलतो. मग पाच ठिकाणी, आतून बाहेर, असं मोजा:

पहिलं, चक काढून स्पिंडलच्या आतल्या टेपरवर. दुसरं, रिकामा चक लावून चकाच्या आतल्या टेपरवर, ज्यात कॉलेट बसते. तिसरं, चकाच्या बाहेरच्या अंगावर, हे नुसतं माहितीसाठी. चौथं, दांडा आवळून नटाला लागून. पाचवं, दांड्यावर ५० मिमी खाली.

चौथा आणि पाचवा आकडा सारखाच असेल आणि उंच बाजू पण एकाच दिशेला असेल तर टूल मध्यापासून सरकलंय पण सरळ आहे. नटापाशी १० आणि खाली ४० असेल तर टूल तिरकं आहे. तिरकेपणाला कारण बहुतेक वेळा कॉलेट किंवा नट. सरकलेलं असेल तर चक किंवा स्पिंडलकडे बघायचं. एवढं आधी मोजा, मग पैसे खर्च करायचे की नाही ते ठरवू.

पिळर्ण७
दांडा म्हणून ६ ची डॉवेल पिन चालेल ना? ती पण ग्राउंडच असते.

रिटायर्ड_इन्स्पेक्शन
एक तर तेवढी लांब मिळणं कठीण, आणि डॉवेल एम ६ टॉलरन्समध्ये असते, म्हणजे ६ च्या वर ४ ते १२ मायक्रॉन. टूलची शँक एच ६, म्हणजे ६ च्या खाली शून्य ते ८. कॉलेटला जशी शँक मिळणार तशीच मोजायला द्या. टूल ग्राइंडिंगवाल्याकडे कार्बाइडचा ग्राउंड रॉड मिळतो, एकदा घेतला की जन्मभर पुरतो. डब्यात तेल लावून ठेवायचा आणि दुसऱ्या कुठल्याही कामाला काढायचा नाही.

वाळपई_नवा
मी अप्रेंटिस आहे, विचारू का? ४० मायक्रॉन डायलवर म्हणजे टूल मध्यापासून ४० सरकलंय असंच ना? आणि एवढ्याशाने ड्रिल का तुटतं? केस पण ७०-८० मायक्रॉनचा असतो म्हणतात.

वेर्णेकर_टूलरूम
नाही रे, डायल एका बाजूचं वर आणि दुसऱ्या बाजूचं खाली दोन्ही मिळून दाखवतो. ४० दिसले तर टूलचा मध्य २० ने बाहेर.

आता का तुटतं ते एंडमिलवर (बाजूच्या दातांनी कापणारं टूल) समज, सोपं जाईल. दोन फ्ल्यूटची एंडमिल आहे, दर दाताला २० मायक्रॉन फीड दिलीय आणि डायलवर रनआउट (हेच बाहेर फिरणं) पण २० आहे. उंच बाजू नेमकी एका दाताकडे आली तर तो दात दुसऱ्यापेक्षा २० ने लांब झाला. मग तो एकटा ४० मायक्रॉनचा घास घेतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही, तो नुसता घासतो. आपण म्हणतो फीड कमी करू म्हणजे टूल जगेल, पण फीड कमी केली की परिस्थिती आणखी वाईट, कारण रनआउट तेवढाच राहतो. एसएस ३१६ तर घासल्याने कडक होतं, त्यामुळे पुढच्या दाताला कडक झालेला थर कापावा लागतो. बारीक टूलला बारीक फीड असते, म्हणून मोठ्या टूलला चालणारा रनआउट बारीक टूलचा जीव घेतो. २० च्या एंडमिलला ४० मायक्रॉन कुरकुर करत चालून जातील, ३.३ ला नाही.

वाळपई_नवा
कळलं सर. आयटीआयमध्ये सूत्र होतं, असं कोणी सांगितलं नव्हतं.

आयटीआय_ताई
आम्ही सांगतो रे, तू त्या दिवशी गैरहजर असशील 🙂

बेळगावहून
गोव्याचा नाही मी, उद्यमबागेत आहे, पण महिन्यातून एकदा चोर्ल्यातून खाली येतो मशीन दुरुस्तीला. एक गोष्ट तुमच्याकडे नेहमी बघतो, ती म्हणजे गंज. आमच्याकडे पण पाऊस आहे पण तुमच्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली आणि वास्को-वेर्ण्याकडे खारी. चकाचा टेपर हातात घेतला की तपकिरी ठिपके दिसतात. लोक म्हणतात पुसलं की गेलं. पुसून रंग जातो, खाली खड्डा राहतो आणि खड्ड्याच्या कडेला उंचवटा. त्या उंचवट्यावर टेपर टेकतो. निळा रंग लावून बघा, प्रशियन ब्लू, अगदी पुसट, चकाच्या टेपरवर उभ्या तीन रेघा ओढायच्या, स्पिंडलमध्ये क्लॅम्प करायचं आणि काढून बघायचं. रेघा वरपासून खालपर्यंत पसरल्या तर छान. मोठ्या तोंडाकडे पसरल्या आणि बारीक टोकाकडे तशाच राहिल्या तर फार काळजी नाही. उलटं असेल तर काळजी करा.

आणि पुल स्टड, म्हणजे चकाच्या मागचा बोल्ट, ज्याला धरून स्पिंडल चक आत ओढतं. लांब पाना लावून पुल स्टड आवळला की बीटी चकाचं बारीक टोक फुगतं, काही मायक्रॉनच, पण तेवढं टेपर बसू न द्यायला पुरेसं. मग निळा रंग फक्त वर, बारीक टोकाला उतरतो. हे मी कित्येक ठिकाणी पाहिलंय. टॉर्क रेंचने, मेकरने दिलेल्या आकड्याला आवळा.

डिचोलीचा_फिटर
गंजावरून, आम्ही चकांच्या कपाटात ६० वॉटचा पिवळा बल्ब लावून ठेवतो, पावसाचे चार महिने दिवसरात्र चालू. आई लोणच्याच्या फडताळात करायची तेच. कपाट कोमट राहतं, ओल धरत नाही. एलईडीने होत नाही, गरमच होत नाही तो. आता जुने बल्ब मिळणं कठीण झालंय, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एक म्हातारा ठेवतो, त्याच्याकडून डझनभर आणून ठेवलेत.

पिळर्ण७
आम्ही व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) कागदात गुंडाळतो. कॉलेट सुट्या एका ट्रेमध्ये खुळखुळत ठेवू नका हे पण लिहा कोणीतरी. एकमेकींवर आपटून कडांना टवके जातात.

म्हापशाचा_टर्नर
शुक्रवारच्या बाजारातला तो म्हातारा माझ्या ओळखीचा, त्याच्याकडे चांगले मायक्रोमीटर पण येतात कधी कधी. बंद पडलेल्या वर्कशॉपचं सामान. बघून घ्यावं लागतं पण.

रिटायर्ड_इन्स्पेक्शन
बाजारावर वेगळा धागा काढा राव, मी पण येतो त्यात 🙂 कुंडईबाब, मोजलंत का?

कुंडई_जॉबशॉप
मोजलं. आज दुपारी लाईट गेली होती दोन तास, तेवढ्या वेळात सगळी साफसफाई झाली, संध्याकाळी डायल घेऊन बसलो. वेर्ण्याच्या एका टूल ग्राइंडरवाल्याने ६ चा रॉड दिला.

स्पिंडलचा टेपर ३ मायक्रॉन. हे बघून मी आधी चहा मागवला, खरं सांगतो, छातीवरचं ओझं उतरलं.
चकाच्या आतला टेपर ७.
दांडा नटापाशी १२.
दांडा ५० मिमी खाली ६२.

म्हणजे इन्स्पेक्शनसाहेब म्हणाले तसं, तिरकं आहे. चक १८० अंशात फिरवून लावला तर उंच बाजू चकाबरोबर फिरली, म्हणजे स्पिंडल निर्दोष.

आणि आणखी एक, लिहायला जड जातंय पण लिहितो. कॉलेट बाहेर काढून बघितली तर ती ७ ची. रात्रपाळीचा पोरगा म्हणाला, ६ ची दुसऱ्या चकात अडकली होती, ७ च्या वर '७-६' लिहिलंय म्हणून चालते असं समजून लावली. त्याची चूक म्हणता येत नाही, लिहिलंय खरं तसं. आणि मी पण काल रात्री ती न बघताच बदलली, म्हणजे ७ काढून दुसरी ७.

वेर्णेकर_टूलरूम
सापडला एक चोर! लिहिलंय ते खोटं नाही, ईआर ३२ ची कॉलेट १ मिमी आवळते. पण ती बनवताना भोक ७ ला ग्राइंड केलेलं असतं. ६ पर्यंत आवळली की पाकळ्या सरळ समांतर येत नाहीत, शँकला सगळ्या लांबीवर धरण्याऐवजी एका टोकाला धरतात, दुसरं टोक मोकळं. मग टूल त्या टोकावर डुलतं. ड्रिलच्या शँकला नेहमी तिच्याच मापाची कॉलेट. ती १ मिमीची रेंज अडीनडीला, साध्या कामाला.

आणि शँक कॉलेटच्या भोकात किती आत घालता? निदान दोन तृतीयांश भोक भरलं पाहिजे. टूल बाहेर लांब हवं म्हणून चिमटीत धरल्यासारखं टोकाला धरलं तर मागच्या पाकळ्या आत मिटतात आणि पुढचं तोंड कुत्र्याच्या कानासारखं फाकतं. कॉलेट कायमची बिघडते.

पिळर्ण७
पण ७ च्या कॉलेटनेच ६२ येत असतील का? मला नाही वाटत. आमच्याकडे अशी अडीनडीला लावलेली २५-३० च्या वर गेली नाही कधी.

आयटीआय_ताई
मला पण एकट्या कॉलेटचं वाटत नाही. नट कसा आवळता, चक कशात धरून?

कुंडई_जॉबशॉप
बेंच व्हाइसमध्ये, ॲल्युमिनियमचे जॉ लावून. पाना ईआरचाच आहे, पण पोरगा त्याला पाइप लावतो, ते आजच कळलं.

आयटीआय_ताई
पाइप आजच्या आज कापून टाका. हिशेब करून बघा, ईआर ३२ ला साध्या नटाचा कॅटलॉगमधला टॉर्क साधारण १३६ न्यूटन मीटर असतो, बारीक शँकला कुठे कुठे त्याहून कमी दिलेला असतो. ३०० मिमीच्या पान्यावर १३६ म्हणजे ४६ किलोचा जोर. सशक्त मुलगा तेवढा हातानेच लावतो. त्यावर पाइप घालून पाना ६०० चा केला की तोच जोर दुप्पट टॉर्क देतो. एवढ्याने पकड वाढत नाही, कॉलेट पिळवटते, नटाचे आटे ताणले जातात. व्हाइसमध्ये चक आडवा धरून आवळला की पानाच्या ओढीने नट एका बाजूला बसतो ते वेगळंच. चक उभा धरायचा फिक्स्चर मिळतो, टेबलाला बोल्टने बसवायचा, फार महाग नाही.

आवळण्यापूर्वी नटाच्या आट्यांना तेलाचं एक बोट. कॉलेटचा बाहेरचा टेपर आणि भोक मात्र कोरडं.

डिचोलीचा_फिटर
कोरडं? आमच्याकडे सगळं तेलाने माखून लावतात. नाहीतर चार दिवसांत गंज चढतो.

आयटीआय_ताई
ठेवताना तेल लावा भरपूर. लावताना पुसून घ्या. शँक आणि भोकामध्ये तेल राहिलं की पकड कमी होते, हेवी कटमध्ये एंडमिल हळूहळू खाली सरकते आणि खोली चुकते. तुमच्याकडे अशी खोली चुकली नाही कधी?

डिचोलीचा_फिटर
चुकलीय ताई. आम्ही झेड ऑफसेट (टूलच्या लांबीचं सेटिंग) परत परत घेत होतो. उद्या पुसून बघतो.

बेळगावहून
कुंडईबाब, नट दुसरा आहे का जवळ? नटाचा आतला शंकू जो कॉलेटच्या तोंडावर टेकतो, तो ३० अंशाचा असतो, कॉलेटचा मागचा लांब टेपर ८ अंशाचा. नटाचा शंकू आट्यांना सरळ नसेल किंवा झिजून एका बाजूला बसला असेल तर तो कॉलेटचं तोंड एका बाजूने ढकलतो, आणि मागे ८ अंशाचा टेपर तिला सरळ धरायला बघतो. दोघांच्या ओढाताणीत दांडा तिरका. तुमचं नटापाशी १२ आणि खाली ६२ हे मला तसं दिसतंय. एकच करा. ६ ची कॉलेट लावा, नट बोटाने आवळा, डायल बघा. मग पाव पाव फेरा आवळत जा आणि दर वेळी बघा. आवळता आवळता आकडा वाढत गेला तर चोर नट.

रिटायर्ड_इन्स्पेक्शन
फार चांगली युक्ती. ही मला माझ्या नोकरीत कोणी सांगितली नव्हती.

तोपर्यंत जरा विषयांतर. ही ईआर पद्धत स्विस, रेगो-फिक्स कंपनीने १९७३ मध्ये काढली. आधीच्या ई कॉलेटमध्ये सुधारणा करून रेगोचा आर जोडला. आज त्याचं डीआयएन ६४९९ आणि आयएसओ १५४८८ असं प्रमाण झालंय, म्हणून कोणाचीही कॉलेट कोणाच्याही चकात बसते. पण बसते म्हणजे चालते असं नाही. प्रमाणात रनआउट कुठे मोजायचा ते पण ठरलेलं आहे: ६ पर्यंतच्या दांड्याला १६ मिमीवर, १० पर्यंत २५ वर, १८ पर्यंत ४० वर. म्हणून दुकानदार ५ मायक्रॉन म्हणाला तर विचारा, किती अंतरावर, आणि नुसत्या कॉलेटचे की चक-नट सगळं धरून. नुसत्या कॉलेटचे ५ असले तरी चकाचे ७ आणि नटाचे आणखी काही, सगळे एका बाजूला जमले तर बेरीज होते आणि समोरासमोर आले तर वजाबाकी.

वाळपई_नवा
वजाबाकी मुद्दाम करता येते का?

रिटायर्ड_इन्स्पेक्शन
येते बाळा. छान प्रश्न. चकाच्या टेपरची उंच बाजू मार्करने खूण करून ठेव. कॉलेट नटात फिरवून चार जागी लावून बघ, ० वर, ९० वर, १८० वर, २७० वर. चारही आकडे लिही. जिथे सगळ्यात कमी तिथे कॉलेटवर आणि चकावर रेघ ओढ, पुढच्या वेळी रेघेला रेघ. तसंच बीटी चक स्पिंडलमध्ये दोन्ही बाजूंनी बसतो, की-वे (खाचा) दोन आहेत आणि सारख्याच आहेत, म्हणून चकावर पण खूण कर आणि नेहमी त्याच बाजूने लाव. नाहीतर सकाळी ८ दिसलेलं संध्याकाळी १५ दिसतं आणि माणूस वेडा होतो.

म्हापशाचा_टर्नर
हे मात्र आम्ही लेथवर पण करतो, चकवर पंचचा ठिपका. चांगली सवय.

पिळर्ण७
एवढं सगळं करण्यापेक्षा हायड्रॉलिक चक घ्यावा. तीन मायक्रॉन, ॲलन की फिरवली की झालं.

वेर्णेकर_टूलरूम
आमच्याकडे दोन आहेत, फिनिशिंगला ठेवलेत, उत्तम आहेत. पण एका चकाच्या किमतीत चांगले ईआरचे चार-पाच चक येतात आणि ६ च्या शँकला ६ ची स्लीव्ह लागते ती वेगळी. कुंडईबाबांनी त्याआधी बारीक ड्रिलांसाठी एक ईआर १६ चा चक घ्यावा असं माझं मत. ईआर १६ मध्ये १० पर्यंतची शँक बसते, नट बारीक, भिंतीजवळ जाता येतं, आणि ६ मिमीसाठी ईआर ३२ चं एवढं धूड आवळायची गरज नाही.

कुंडई_जॉबशॉप
शुक्रवार रात्र. सगळं केलं, लिहितो.

६ ची कॉलेट, थिनरने धुतलेली, नटात टक् करून बसवली. बोटाने आवळून ५० मिमीवर ११. पाव फेऱ्याला १४. आणखी पाव, २३. पुरता आवळून ३८. बेळगावचे भाऊ, तुम्ही समोर असता तर पाया पडलो असतो. नट काढून आतल्या शंकूवर निळा रंग लावला, तर कॉलेटच्या तोंडावर फक्त अर्ध्या गोलात निळं उतरलं, चंद्रकोरीसारखं. बाकी अर्धं कोरडं ठणठणीत. दुसऱ्या चकाचा नट घेतला, निळं सगळीकडे सारखं फिरलं.

त्या नटाने ५० वर १७. मग चकाच्या तोंडाशी नख फिरवलं तर एका जागी अडलं. भिंगातून बघितलं, आतल्या टेपरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका, त्याची कड वर आलेली. कुठेतरी चक खाली पडला असणार. बारीक ऑइल स्टोनने नुसती उंच कड उतरवली, टेपरला हात लावला नाही. परत लावलं, १२.

मग चार जागी फिरवून: १२, ९, ८, १४. ८ वर रेघ मारली.

३० मिमीवर म्हणाल तर ५.

आयटीआय_ताई
ज्या नटाने निळं अर्धं दिलं तो फेकू नका, मला द्या. आमच्या मुलांना दाखवायचाय. चंद्रकोरीसकट.

कुंडई_जॉबशॉप
देतो ताई, फर्मागुडीला याल तेव्हा कुंडईला वळा.

बेळगावहून
पाया वगैरे नको भाऊ, पुढच्या महिन्यात येतोय, माशाचं जेवण चालेल.

पिळर्ण७
भोकांचं काय झालं? मूळ प्रश्न तोच होता.

कुंडई_जॉबशॉप
आज दुपारी एक प्लेट लावली, ३६ भोकं. ३.३२ चा पिन जातो, ३.३४ अडतो. आटे गो-नो-गो गेजने तपासले, सगळे पास. ड्रिलची धार भिंगातून बघितली, दोन्ही ओठ सारखे झिजलेत, आधी एकच झिजायचा आणि दुसरा नव्यासारखा राहायचा. आवाज पण बदललाय, आधी आत शिरताना टर्र करायचं, आता नुसतं सुर्र.

रात्रपाळीच्या पोराला बसवून सगळं दाखवलं, डायल त्याच्याच हातात दिला. ७ ची आणि ६ ची दोन्ही लावून त्याने स्वतः मोजलं. पाइप मी नाही, त्यानेच कापला. आता ईआर १६ चा चक मागवतोय, आणि आवळायचा उभा फिक्स्चर.

एक राहिलं. ६.५ चं एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल आहे, सरळ शँकचं, त्याला ७ ची कॉलेट लावावीच लागेल ना? पोरगा विचारतोय.

वेर्णेकर_टूलरूम
त्याला लावा, ६.५ ची कॉलेट वेगळी मिळते पण एचएसएसला आणि मोकळ्या भोकाला ७ ची चालेल. आधी स्पॉट ड्रिल (जागा धरायला छोटा खड्डा) मारा म्हणावं. आणि विचारतोय हे फार चांगलं आहे, त्याला इथे खातं उघडून द्या.

वाळपई_नवा
हो, द्या! मला पण रात्रपाळीत बोलायला कोणीतरी होईल.

डिचोलीचा_फिटर
मी आज सगळ्या कॉलेट पुसून लावल्या. सकाळपासून झेड एकदाच घेतला.